तिच्या भावाला शोधा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या पणजोबांची आई, म्हणजे माझी खापरपणजी, हिचं माहेर मी गेली चार वर्षं शोधतोय. आमचं घराणं चित्पावन, मूळ गुहागरकडचं, पाच-सहा पिढ्या वाईत. (आडनाव छापू नये ही विनंती, भाऊबंद वाचतात.) पणजोबांचा जन्म शके 1792 चा, त्यांची पत्रिका घरात आहे. ते घरातले थोरले. आमच्या कुलवृत्तांतात, म्हणजे घराण्याच्या छापील वंशावळीत, खापरपणजोबांच्या नावाखाली 'पत्नी लक्ष्मी' एवढंच छापलंय. आजी सांगायची, ती राजापूरकडची होती, लग्नात नऊ वर्षांची होती आणि प्लेगात गेली. घरात मोडी कागदांचं एक बोचकं आहे, पोथ्या आहेत, आणि तिची म्हणून सांगतात ती तांब्याची एक कळशी आहे. तहसील कचेरीत खेपा घातल्या, जमिनीच्या जुन्या नोंदी पाहिल्या, पण तिच्या बापाचं नाव कुठंच नाही. डीएनए चाचणी करावी का? मुलगी म्हणते त्यात सगळं कळतं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आडनाव छापत नाही. भाऊबंद तरीही ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

तुमच्या पत्रातला सगळ्यात फसवा शब्द 'लक्ष्मी'. तो तिच्या माहेरी कुणी उच्चारलाही नसेल. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं जे नाव लिहिलं, ते सासरचं. नवी सून म्हणजे घरची लक्ष्मी, म्हणून त्या काळच्या दर चार घरांत एक लक्ष्मीबाई. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, कुर्लेकरांच्या. डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुनाच, आणि गंमत म्हणजे माहेरचं आडनावही जोशीच. या बायका नावाजल्या म्हणून दोन्ही नावं टिकली. तुमची खापरपणजी नऊ वर्षं ज्या नावानं वाढली, ते नाव तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही शोधताय ते पुढचं नाव, आणि तेही सासरच्या दप्तरात.

दुसरा शब्द 'कोम'. जमिनीच्या नोंदीत पुरुषाच्या नावापुढं 'बिन' येतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढं 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. लक्ष्मीबाई कोम बाळाजी. झालं, बाप गेला कागदातून. मी एकतीस वर्षं एका दप्तरखान्यात काढली. 'कोम'च्या पलीकडं बाईचा बाप आपण होऊन लिहिलेला मला बोटांवर मोजण्याइतक्या वेळा दिसला, आणि तोही बहुधा भांडणामुळं: अन्नवस्त्राचा दावा, दत्तकाची तक्रार, माहेरच्या वतनावरचा हक्क. त्यात 1886 च्या पाचव्या कायद्यानं मुंबई इलाख्यात वतनाच्या वारशात शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून बाकी बायकांना घराण्यातल्या सगळ्या पुरुषांच्या मागं ढकललं. तुमच्या घरात भांडण झाल्याचं ऐकिवात नसेल, तर तहसिलीच्या खेपा थांबवा. चपला झिजतात.

मी सगळ्यांना एकच सांगते. बाईला शोधू नका, तिच्या भावाला शोधा. बाई कागदात येत नाही, पण तिचा भाऊ येतो. तुमच्या घरच्या कागदात तो येतो मामा म्हणून.

पणजोबांचा जन्म 1870 चा, म्हणजे मुंज 1878 च्या आसपास. मुंजीत मामाचा आहेर हा घराण्याच्या अब्रूचा मामला असे, आणि अब्रूचा म्हणूनच तो लिहून ठेवत. त्या मोडीच्या बोचक्याची गाठ सोडा आणि त्यात आहेराची यादी शोधा. लांबट कागद, एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला पागोटं, शेला, खण, रोख. मोडी येत नसली तरी यादी ओळखू येते, कारण ओळी तोकड्या असतात आणि उजवीकडं आकड्यांची उतरंड असते. गावापुढं 'मौ॥' असेल ते मौजे, 'रा॥' म्हणजे राजश्री. ज्या नावापुढं मुलाचा पोशाख आणि आईला लुगडं या दोन्ही गोष्टी आहेत, तिथं बोट ठेवा. मामा सहसा तोच.

लग्नाची यादीही असू शकते. आपण 'यादी पे शादी' थट्टेनं म्हणतो, पण ती यादी खरी असे आणि तिच्यात दोन्ही व्याह्यांची नावं असत. नवव्या वर्षी लग्न आणि सतराव्या वर्षी थोरला मुलगा असं धरलं, तर लग्न 1862 च्या मागंपुढं. कागदावर 'शके 1784 दुंदुभी नाम संवत्सरे' किंवा त्याच्या अलीकडचं-पलीकडचं साल दिसतं का पाहा. वैशाखातली तिथी असेल तर शकात 78 मिळवले की इसवी सन. पौषानंतर 1 जानेवारी ओलांडलेली असली तर 79. क्वचित अरबी मोजणी मिळेल, 'इसन्ने सितैन मयातैन व अलफ' अशी. घाबरू नका. दोन, साठ, दोनशे, हजार, म्हणजे 1262. त्यात 599 मिळवा, 1861. ते साल मृगापासून मृगापर्यंत, म्हणजे जून ते जून चालतं, त्यामुळं वैशाखातलं लग्न असेल तर 1862 च.

आता पत्रिका. तुमच्या हातातला सगळ्यात चांगला कागद हाच, आणि तुम्ही तो पत्रात एका ओळीत उडवलात. पणजोबा थोरले. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे ती पत्रिका बहुधा तिच्या बापाच्या गावच्या जोशानं मांडलेली आहे. 'शके 1792 प्रमोद नाम संवत्सरे' इथून सुरुवात असेल. ती ओळ सोडून पुढं जा आणि 'पलभा' हा शब्द हुडका. विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळं उंचीच्या शंकूची जितकी सावली पडते, ती पलभा. ती गावाच्या अक्षांशावर ठरते. वाईची सुमारे 3 अंगुळं 53 व्यंगुळं, म्हणजे 3|53 (साठ व्यंगुळांचं एक अंगुळ). राजापूरची सुमारे 3 अंगुळं 35 व्यंगुळं. तुमच्या पत्रिकेत 3|35 च्या आसपासचा आकडा निघाला, तर आजीची आठवण पक्की. 3|47 निघाला, तर चिपळूण-गुहागरकडं बघा. आणि 3|53 असेल, तर एक तर बाळंतपण सासरीच झालं, किंवा वाईच्या जोशानं नंतर सवडीनं मांडली. कित्येक जोशी आपल्या पंचांगातलाच आकडा उतरवून मोकळे होत, म्हणून याला पुरावा म्हणू नका, दिशा म्हणा. पत्रिकेच्या मायन्यात 'दौहित्र', म्हणजे मुलीचा मुलगा, हा शब्द दिसला, तर मात्र लगेच मला पत्र टाका.

पण माझा खरा भरवसा आहे तो पोथ्यांवर. म्हणजे पोथ्यांत खोचलेल्या पितरांच्या यादीवर.

पितृपंधरवड्यात महालयाचं श्राद्ध, म्हणजे पक्ष, करताना नुसत्या बापाकडच्या तीन पिढ्यांचा उच्चार होत नाही. मातामह, मातुःपितामह, मातुःप्रपितामह असा आईच्या बापाचा, आज्याचा आणि पणज्याचाही होतो, सपत्नीक आणि त्यांच्या गोत्रासकट. पुढं मातुल, म्हणजे मामा येतो, मावश्या येतात, सासरा येतो. शिवाय आश्विन शुद्ध प्रतिपदेला आजेपाडवा असतो, नातवानं आईच्या वडिलांचं श्राद्ध करायचं. म्हणजे तुमच्या पणजोबांना आपल्या आईचा बाप, आजा आणि पणजा ही तीन नावं वर्षातून दोनदा तरी लागत होती. इतकी नावं तोंडपाठ कुणाची असतात? गुरुजींच्या सोयीसाठी ती कागदावर असत.

इथं एक मेख आहे. ही यादी पिढीगणिक सरकते. तुमच्या आजोबांनी यादी केली, तेव्हा मातामह म्हणून त्यांनी त्यांच्या आईचा बाप घातला. तुमच्या वडिलांनी त्यांच्या आईचा. खापरपणजीचा बाप फक्त तिच्या मुलांच्या हातच्या यादीत. तेवढीच एक पिढी. म्हणून घरातली अलीकडची, निळ्या शाईतली वहीच्या पानावरची यादी बघून 'यात राजापूर नाही' म्हणून हात झटकू नका. तुम्हाला हवी ती साधारण 1890 ते 1930 मधली.

माझ्या घरची कुठं मिळाली सांगते. पोथी उघडून बघितली होती, दोनदा, काही नव्हतं. तिसऱ्या वेळी पोथीचा पुठ्ठा भिंगाखाली धरला, तर कडेला दोन कागद चिकटल्यासारखी रेघ. वाफ दिली. आत तळहाताएवढा चतकोर निघाला, चार घड्यांचा, शाई गंजल्यासारखी तपकिरी, मधोमध तुपाचा पारदर्शक डाग. डागातलीच अक्षरं सगळ्यात स्वच्छ वाचता आली, बाकीची पुसट. त्यात 'सापत्नमाता', म्हणजे सावत्र आई, असा एक शब्द होता आणि त्यानं माझी 11 वर्षांची मेहनत उलटीपालटी केली. आम्ही जिला एक द्वारकाबाई समजत होतो, त्या दोन निघाल्या. पहिली गेली, दुसरी आली, तिचंही नाव द्वारकाच ठेवलं. वंशवृक्षात दोघींची एक बाई झाली होती, आणि मी पहिलीच्या मुलांना दुसरीच्या माहेरी शोधत बसले होते. थोरल्या आणि धाकट्या भावंडांत एकवीस वर्षांचं अंतर होतं, ते डोळ्यांसमोर असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तुमच्या खापरपणजोबांच्या मुलांची जन्मसालं एकदा मांडून बघा, एवढंच म्हणते.

यादीत आडनाव नसणार. गोत्र आणि तीन नावं मिळतील. चित्पावनांत तेवढं पुष्कळ झालं. गोत्रं चौदा, प्रत्येक गोत्रातली आडनावं ठरलेली. समजा कौशिक गोत्र निघालं आणि ओळीनं तीन नावं मिळाली, तर कौशिक गोत्री घराण्यांचे कुलवृत्तांत घेऊन बसायचं आणि तो तीन नावांचा तुकडा शोधायचा. कुलवृत्तांत उलटे वाचा. तुमचा स्वतःचा तुमच्या हाती काही देत नाही, कारण माहिती पुरवणाऱ्याला बायकोकडची माहिती नव्हती. पण तिच्या घराण्याच्या वृत्तांतात ती 'कन्या' म्हणून असू शकते, माहेरच्या नावानं, पुढं 'वाईचे अमुक' असं तुमचं आडनाव. तेव्हा दुसऱ्यांच्या ग्रंथांत स्वतःचं आडनाव शोधायचं. पुण्यात राहता, जुन्या ग्रंथालयांतून कुलवृत्तांतांची कपाटंच्या कपाटं आहेत, एक पावसाळा पुरेल.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांचं पुष्कळांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला आडनाव आणि मूळ गाव सांगून तुमच्या घराण्याची वही मागा. मूळ गाव सांगताना वाई आणि गुहागरकडचं गाव, दोन्ही सांगा, नोंद कुठल्याही खाली असेल. पणजोबांच्या हातची नोंद मिळाली तर तिचा फोटो घ्या आणि बापाकडच्या नावांवर न थांबता शेवटपर्यंत वाचा, आजोळचं सगळ्यात खाली दाटीवाटीनं लिहिलेलं असतं. पणजोबा सिद्धपूरला गेले होते का हेही घरात विचारा. गया बापासाठी आणि मातृगया आईसाठी. गुजरातेत सिद्धपूरला फक्त आईचं श्राद्ध होतं, त्यामुळं तिथली नोंद तिच्याचसाठी केलेली असणार. दक्षिणा मोकळ्या हातानं द्या. शंभर-सव्वाशे वर्षं वाळवीपासून कागद राखणं हे फुकटचं काम नाही.

प्लेगबद्दल. मुंबईत प्लेग जाहीर झाला 1896 च्या सप्टेंबरात, पुढं तो वीसेक वर्षं गावोगाव येत-जात राहिला, आणि त्या काळात गेलेलं प्रत्येक माणूस घरच्या आठवणीत प्लेगातच गेलं. साल असं नाही ठरणार. त्यापेक्षा आईला विचारा, घरात अविधवा नवमी करत होते का, आणि कुणाची. भाद्रपद वद्य नवमीला तिचं पान वाढत असतील तर ती नवऱ्याआधी, सवाष्ण गेली. नवऱ्याची तिथी माहीत असेल, तर तिचा मृत्यू त्याच्या अलीकडं बांधता येतो.

आता डीएनए. मुलीला सांगा, आईकडून आईकडं जाणारा जो मायटोकॉन्ड्रियाचा धागा, तो खापरपणजीनं पणजोबांना दिला खरा, पण पणजोबांनी तो पुढं कुणालाच दिला नाही. पुरुषापाशी तो संपतो. तुमच्यात तिचा तो धागा नाही. एकूण वारशात तिचा वाटा सरासरी सोळावा हिस्सा. चाचणी करायचीच तर पणजोबांच्या बहिणीच्या मुलीच्या मुलीची अशी सलग बायकांची साखळी शोधून तिथल्या हयात व्यक्तीची करायला हवी. आणि ती केली तरी अहवालात आडनाव छापून येत नाही. पैसे नाशिकच्या तिकिटाला लावा. मात्र ती साखळी शोधा, चाचणीसाठी नव्हे. मुलीच्या घरी आजोळच्या गोष्टी जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे.

राहिली कळशी. चिंचेनं घासू नका, राख तर नकोच. गळ्याच्या आतल्या बाजूला आणि बुडाला उजेड तिरपा धरून बघा, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं असतात. देणाऱ्याचं नाव पूर्ण क्वचित असतं, बहुधा दोन-तीन अक्षरं आणि गाव. त्यावर गव्हाचं पीठ हलक्या हातानं चोळा, ठिपक्यांत पीठ बसतं आणि अक्षरं पांढरी उठतात.

(जाता जाता: गोव्यातल्या ख्रिस्ती वाचकांची पत्रं आली की मला हेवा वाटतो. पोर्तुगीज पद्धतीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव असतं आणि कित्येकदा दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही. एका पानात काम तमाम.)

प्रश्न : ताई, आमच्याकडं कुलवृत्तांत नाही, पोथ्या नाहीत. मराठा शेतकरी घर, तासगाव तालुका. आजोबांच्या आजीचं माहेर कसं शोधायचं? आज्जी म्हणत्यात, 'तिला सगळी कडेगावची म्हणायची', बस्स.
— एक वाचक, सांगली

उत्तर : 'कडेगावची' हे नावच आहे की! वरच्या पुण्याच्या गृहस्थांना चार वर्षांत गाव पक्कं झालं नाही, तुम्हाला ते फुकट मिळालंय.

तुमच्यात मामाची मुलगी चालते. म्हणून आधी घरच्याच सोयरिकी मांडा. एकदा ज्या घरातून मुलगी आली, त्याच घरातून पुढच्या पिढीत दुसरी आली असं वारंवार दिसतं. आजोबांच्या चुलत्यांपैकी कुणाची बायको कडेगावची होती का? असेल तर त्या घराचं देवक, म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं चिन्ह, विचारा. तुमचं आणि त्यांचं देवक एक नसणार, हे तर उघडच, पण देवकामुळं एका गावातली एकाच आडनावाची दोन घरं वेगळी काढता येतात.

गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, कडेगावची बघा, तासगावची नव्हे. कुणबी नोंदी शोधण्याच्या कामात 2023 पासून असल्या पुष्कळ वह्या चाळून, छायाचित्रं काढून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्यात. लोक त्या जातीच्या रकान्यासाठी बघतात, तुम्ही बापाच्या रकान्यासाठी बघा. मुलीच्या जन्माच्या नोंदीत नाव नसून नुसतं 'मुलगी' असेल, तर नाराज होऊ नका. बापाचं नाव, गाव आणि तारीख तर आहे.

आणि हेळव्याला, म्हणजे दारोदार वंशावळ वाचत फिरणाऱ्याला गाठा. तुमच्या भागात तो सुगीनंतर अजून येतो, बैलावरून यायचा तो आता मोटारसायकलवर. त्याच्या वहीत घराण्याची वंशावळ असते, दारात बसून तो ती मोठ्यानं वाचतो. मी दोन हेळव्यांच्या वह्या पाहिल्या, दोन्हींत लेकी-सुना फार थोड्या. पण तुमच्या हेळव्याला कडेगावच्या घरांचा हेळवी कोण ते ठाऊक असतं, ही माणसं आपसांत गावं वाटून घेतात. त्याचा पत्ता मागून घ्या. त्याच्यापुढं वहीचा फोटो काढायची घाई करू नका. आधी पायलीभर ज्वारी आणा, आज्जींना उंबऱ्यात बसवा आणि त्याला वाचू द्या. मधेच आज्जी म्हणतील, 'हा, ह्यो तिचा भाऊ'.